धर्मांतर आणि हृदयपालट



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो पगारवाढीवर किंवा कायद्यावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. मी आज ख्रिस्ती जीवनातील हृदयपालटावर बोलावयाचे ठरविले आहे. मी ख्रिस्ती नाही, आणि धर्मशास्त्राचा पदवीधर तर मुळीच नाही. परंतु माणूस आतून कसा बदलतो, हा प्रश्न माझ्याही धंद्यातला आहे. वर्गणीची पावती फाडली म्हणजे माणूस युनियनचा होत नाही. खिशात पावती असलेला मनुष्य संपाच्या तिसऱ्या दिवशी मागच्या दाराने कामावर गेलेला मी पाहिला आहे. आणि कधीही पावती न घेतलेला मनुष्य, कामावरून काढलेल्या सोबत्याच्या घरी रात्री गुपचूप दाणे पोचविताना पाहिला आहे.

माझे गाव पासली. वेल्ह्याहून केळद खिंडीकडे निघाले म्हणजे वाटेत लागते. आमच्याकडे कोणी माळ घातली की जुनी माणसे त्याला लगेच वारकरी म्हणत नसत. ती वर्षभर नुसती बघत. माळ घातल्यावरही हा शेजाऱ्याचा बांध कोरतो का, खाचरातले पाणी स्वतःकडे वळवितो का, एवढेच त्यांना पाहावयाचे असे. माळ एका दिवसात गळ्यात येते. हाताची सवय मोडावयास किती दिवस लागतात, ते कोणी सांगावे?

ख्रिस्ती धर्मात ही अडचण अधिक उघड दिसते, कारण तेथे बाप्तिस्म्याची तारीख वहीत नोंदलेली असते. एकोणिसाव्या शतकात मिशनरी त्या वह्यांतली नावे मोजीत आणि त्यांचे विरोधकही तीच नावे मोजीत. एकाला आनंद होई, दुसऱ्याला संताप येई; पण दोघांचे लक्ष आकड्यावरच. नव्या करारात मूळ ग्रीक भाषेत या बाबतीत जो शब्द येतो तो ‘मेटानोइया’. त्याचा अर्थ मनाचे पालटणे. मराठीत त्यासाठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द रूढ झाला, आणि त्या शब्दात मागाहून होणारा ताप तेवढा राहिला, पालट निसटला, असे मला वाटते.

या दोन गोष्टींत, म्हणजे वहीतली तारीख आणि आतला पालट यांत, किती अंतर असू शकते हे स्वतःच्या चरित्रातून जिने स्पष्ट मांडले अशी व्यक्ती आपल्याच पुणे जिल्ह्यात होऊन गेली. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आमची पासली, पावसाने झोडपलेली. पूर्वेला दौंडच्या बाजूला केडगाव, पावसाची वाट पाहणारे. त्या केडगावी पंडिता रमाबाईंनी ‘मुक्ती’ वसविली.

रमाबाईंचे चरित्र आपणांस ठाऊक आहे, म्हणून लवकर पुढे जातो. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे. पत्नीला संस्कृत शिकविण्याच्या हट्टापायी त्यांनी लोकांचा रोष पत्करला. हे कुटुंब पुराणे सांगत, तीर्थे करीत देशभर पायी हिंडले. दुष्काळात प्रथम वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे उपाशीतापाशी चालत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथे विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हटले. भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी त्यांनी जात न पाहता लग्न केले. १८८१ साली मनोरमा जन्मली, आणि १८८२ साली पती पटकीने गेले. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली, आणि १८८३ साली लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या.

कलकत्त्यात त्यांनी प्रथम ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पाहिली तेव्हाची हकीकत गमतीची आहे. मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकताना पाहून, हे लोक खुर्चीचीच पूजा करतात की काय, असे त्यांना वाटले होते. बाहेरून पाहणाऱ्याला कोणत्याही धर्मातले एवढेच दिसते!

इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या. त्या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक घर होते. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तेथे आश्रय मिळे. रमाबाईंना ते घर दाखविण्यात आले. अशा बायकांना कोणी सुशिक्षित कुलीन स्त्रिया मायेने वागवितात, हे दृश्य त्यांना नवे होते. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या या विदुषीने विचारले, हे तुम्ही का करता? उत्तरादाखल एका भगिनीने शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. येशू विहिरीपाशी थकून बसला आहे. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवीत नसत. तरी तो त्या जातीच्या, त्यातही बदलौकिक झालेल्या बाईजवळ पिण्यास पाणी मागतो. ही गोष्ट आमच्या बाजूच्या माणसाला फोड करून सांगावी लागत नाही. मढे घाट उतरला की महाडचा मुलूख लागतो, आणि १९२७ साली त्याच महाडात ओंजळभर पाणी पिण्यासाठी डॉक्टर आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात वादळ उठले. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सारा’त त्यांची बाजू घेतली, हा अपवाद. रमाबाईंची भूमिका मात्र त्या वेळी मुख्यतः बुद्धीची होती. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले पंडित त्यांच्या आधी, १८४८ सालीच, ख्रिस्ती झाले होते. त्यांच्या लिखाणाने रमाबाईंच्या शंकांचे निरसन झाले. म्हणजे एका शास्त्र्याने दुसऱ्या शास्त्र्याला वादात पटविले, असाच तो प्रकार होता. स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा अधिकार नाही, यावर सर्व शास्त्रांचे एकमत त्यांनी पाहिले होते. असा भेद न करणारा धर्म त्यांना हवा होता, तो मिळाला.

बाप्तिस्म्यानंतर त्या निमूट झाल्या असे कोणी समजू नये. त्रैक्यासारखी तत्त्वे त्यांनी मुकाट्याने गिळली नाहीत. भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार म्हणजे एक वादयुद्धच आहे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, लॅटिन काय अधिक पवित्र आहे, असे त्यांनी विचारले. अन्नात अंडे चालणार नाही म्हणून सांगितले, तेव्हा हा जातीचा अभिमान शिल्लक आहे असा ठपका आला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला. त्यांनी तोही मानला नाही. मला या साऱ्यात रमाबाईंचा ताठ कणा आवडतो. पण हृदयपालटाच्या दृष्टीने पाहिले तर या काळात त्यांनी धर्म बदलला होता, एवढेच म्हणता येते. पुढे ‘साक्ष’ या आत्मनिवेदनात त्यांनीच ते मोकळेपणाने लिहिले आहे. ख्रिस्ती धर्म हाती आला, ख्रिस्त मात्र भेटला नव्हता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

अमेरिकेतून मदत मिळवून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. हे घर होते उच्चवर्णीय विधवांसाठी. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन होते. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. पुण्याची वसंत व्याख्यानमाला ज्यांनी १८७५ साली सुरू केली तेच रानडे. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. काम उत्तम चालले होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, आता काय कमी आहे?

आणि याच काळात, १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, रमाबाईंच्या आत काहीतरी मोडले. त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त आले. हा गृहस्थ कॉर्नवॉलमध्ये वर्षानुवर्षे पाद्रीपण करीत होता. १८५१ साली एके दिवशी व्यासपीठावर प्रवचन करता करता त्याला उमगले की, आपण जे सांगतो आहोत ते आपल्याला लागू झालेलेच नाही. आणि स्वतःच्याच प्रवचनाने तो पालटला. आम्हा व्याख्यात्यांना ही गोष्ट जरा बोचणारीच आहे. रमाबाईंना तिच्यात स्वतःचा चेहरा दिसला.

त्यांना जे उमगले ते त्यांच्या लिखाणावरून मी असे समजतो. तोपर्यंत त्या पात्रतेच्या हिशेबात जगत होत्या. लहानपणी तीर्थे, उपवास, दाने यांनी पात्रता मिळवावयाची होती. ख्रिस्ती झाल्यावर योग्य मतांनी, सेवेने, अभ्यासाने मिळवावयाची होती. नाणे बदलले, हिशेब तोच राहिला. आता त्यांना दिसले की ख्रिस्ताच्या दारात पात्रतेचा दाखला कोणी मागत नाही. पापी असणे एवढीच तेथली लायकी. बुद्धीने त्यांना हे वाक्य आधीच माहीत असणार. ते अंगी भिनावयास आठ वर्षे लागली.

येथे मला इतिहासातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. १८८९ साली त्यांनी उघडलेल्या घराला अट होती: उच्चवर्णीय विधवा. १८९७ नंतर त्यांनी वसविलेल्या घराला अट राहिली नाही. मनातली पात्रतेची अट गेली, आणि काही वर्षांत दारावरचीही गेली. या दोहोंमध्ये दुष्काळ होता हे मी विसरत नाही. पण दुष्काळ सगळ्यांनीच पाहिला; सगळ्यांची दारे उघडली नाहीत.

मधल्या काळात १८९३ चे भांडण झाले. सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला जाऊन बसू लागल्या, काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे दिसू लागला. ‘केसरी’ने कडक टीका केली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे-भांडारकर प्रभृतींनी सल्लागारपद सोडले, आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. सल्लागारांचे म्हणणे पोकळ नव्हते. तटस्थतेच्या वचनावर त्यांनी आपली नावे दिली होती. लोकांनी विश्वासाने लेकी पाठविल्या होत्या. उलट रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणाला बोलावीत नाही, पण माझ्या खोलीत प्रार्थना करताना दाराला कडी का लावू? दोघांचेही खरे होते असे म्हणून मी सुटका करून घेणार नाही. ज्याच्या हातात दुसऱ्याच्या मुलीचे अन्न आहे, त्याने उघड्या दाराचाही विचार जपून करावयास हवा, असे माझे मत आहे. पण ज्याच्या अंतःकरणात आग लागली आहे त्याला धूर लपवा म्हणणे किती व्यर्थ, हेही मी जाणतो.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतःच्या माणसांना उपासमारीत मरताना पाहिले होते. त्या तिकडे गेल्या, दुष्काळी छावण्या पाहिल्या, आणि कोणाच्या हाती पडतील याचा नेम नसलेल्या पोरक्या मुली व विधवा मिळून तीनशेच्या आसपास जणींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस. मग केडगावची शेतजमीन कामी आली. झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खोदल्या, १८९८ साली मुक्तीच्या इमारतीची पायाभरणी झाली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. ब्राह्मण विधवेपासून जातीबाहेरच्या मुलीपर्यंत सगळ्या एका पंक्तीला. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवीत. माग, तेलाचा घाणा, दूधदुभते, धोबीकाम, छापखाना, सारे बायकांच्या हाती. आणि तेथेच ‘कृपा सदन’ नावाचे एक घर होते. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी सुमारे सोळा वर्षांनी स्वतः दिले ते असे.

ख्रिस्ती झाल्यामुळे त्या सरकारच्या झाल्या, असेही नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सरकारी इस्पितळात त्यांच्या एका मुलीची दुर्दशा झाली, तेव्हा त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रातून जाहीर तक्रार केली. गव्हर्नरने ती नाकारली तरी त्या मागे हटल्या नाहीत.

आता एक अवघड प्रश्न. या मुली भुकेने आल्या आणि ख्रिस्ती झाल्या. हा भाकरीचा सौदा नव्हे काय? मालकाने घर दिले म्हणून मालकाच्या युनियनमध्ये जाणारा कामगार मला माहीत आहे. म्हणून हा प्रश्न मी टाळू शकत नाही. रमाबाईंनी अनेक धर्म धुंडाळून, वाद घालून जशी निवड केली, तशी निवड करण्याची मोकळीक त्या मुलींना नव्हती, हे मान्य केले पाहिजे. पण गंमत अशी की, वहीतले नाव म्हणजे हृदयपालट नव्हे, हे रमाबाईंना कोणत्याही टीकाकाराहून अधिक पक्के ठाऊक होते. त्या स्वतः आठ वर्षे नावाच्या ख्रिस्ती होत्या. म्हणून १९०५ च्या आरंभी त्यांनी मुक्तीत प्रार्थनेचे गट बसविले. मागणे हेच की, नावाने ख्रिस्ती असलेल्यांची मने पालटावीत. जूनच्या अखेरीस तेथे जे घडले त्याला ‘जागृती’ म्हणतात. मुली रडल्या, आपली पापे उघड बोलल्या, तासन् तास मोठमोठ्याने प्रार्थना चालल्या. त्याची वार्ता परदेशांत गेली. असल्या गलबल्याकडे मी जरा संशयाने पाहतो. सभेत सर्वांत मोठ्याने घोषणा देणारा संपात टिकतोच असे नाही. मला आठवते ती त्यानंतरची गोष्ट: टोळ्या करून त्या मुली आसपासच्या गावांत बोलावयास बाहेर पडल्या. ज्यांना दुष्काळाने बोलावयाचे बळही ठेवले नव्हते, त्या.

पालटाचा क्रम सर्वांचा सारखा नसतो, हे दाखविण्यासाठी दुसरे घर सांगतो. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या माहेरच्या माणसांत, पंढरपुराकडे, पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या नगरकडे पतीजवळ आल्या, पण सोवळे सोडले नाही, चूल वेगळी ठेवली. टिळकांनी बळजबरी केली नाही. हा त्यांचा मोठेपणा. मग एके दिवशी विचार करता करता लक्ष्मीबाईंच्या मनाने घेतले की, जाती माणसांनी केल्या, देवाने नव्हे. आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली. म्हणजे रमाबाईंच्या बाबतीत वही आधी आणि हृदय मागून. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हृदय आधी, वही मागून. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास हे ठाऊकच आहे. धर्मविचाराची पुस्तके बाजूला राहिली. त्यांच्या बाबतीत सारे पाण्याच्या तांब्यापाशी घडले.

आणि टिळकांचे काय? बावीस वर्षे ते ख्रिस्ती होते, पुष्कळ वर्षे मिशनच्या पगारावर होते, भजने-कीर्तने रचीत होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. तरी १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त बसू शकत. वही त्यांनीच बाजूला सारली. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईच्या जे. जे. इस्पितळात वारले.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम बायबलच्या भाषांतराचे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. मराठीत बायबल आधीपासून होतेच. पण त्यातले संस्कृत वळणाचे शब्द मुक्तीतल्या गरीब बायकांना कळत नसत. भागवत पुराण पाठ असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटलेली ही बाई बसून संस्कृत शब्द काढून टाकू लागली. पंडिताला शब्द सोडणे किती कठीण, हे आपण जाणता. शेतकऱ्याने जमीन सोडावी तसे ते आहे. भाषांतर साहित्य म्हणून कसे आहे, यावर विद्वानांनी खुशाल वाद करावा.

छापखान्यातल्या कामगारांत मी बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून शेवटी त्या छापखान्याबद्दल सांगतो. खिळे जुळविणे हे उभ्याने करावयाचे, डोळे शिणविणारे काम. शिसे हाताला लागते, एक उलटा खिळा पान बिघडवितो. केडगावला हे काम मुक्तीतल्या स्त्रिया करीत. त्यांतल्या कित्येक लहानपणी दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. अक्षरओळख तेथेच झालेली. मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारल्या. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. छपाई त्यानंतरही चालू होती, आणि १९२४ साली संपूर्ण बायबल त्या छापखान्यातून बाहेर पडले.